माझं कडं फिरवा हो कुणीतरी!

मी एक जुना शॉकअप आहे. मोटारसायकलचा, मागचा, डाव्या बाजूचा. सध्या माझा मुक्काम डोंबिवलीजवळच्या कोपरच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कांद्याच्या टोपलीत आहे. माझा जुळा भाऊ उजवा इथेच माझ्या अंगावर पडून आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. बाबांच्या मागे बसून तुम्ही शाळेत जाता तेव्हा तुमच्या हाडांचा खुळखुळा होत नाही, तो आमच्यामुळे. रस्ता चाकाला मारतो, चाक आम्हाला मारतं, आणि आम्ही तो मार आतल्या आत गिळतो. गिळून जे उरतं, त्याला तुम्ही खड्डा म्हणता.

आम्ही दोघे एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. नळीत तेल भरलं, वरून स्प्रिंग चढवली आणि स्प्रिंगच्या बुडाशी हातातल्या कड्यासारखं एक लोखंडी कडं बसवलं. त्या कड्याला पाच खाचा. कडं फिरवलं की स्प्रिंग घट्ट होते किंवा सैल होते. गाडीवर एकटा माणूस असेल तर सैल ठेवावी, मागे कुणी बसणार असेल तर जरा घट्ट करावी. त्यासाठी आकड्यासारखा वाकडा एक पानाही गाडीबरोबर मिळतो. पैसे पडत नाहीत, शिक्षण लागत नाही. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण माझा जन्मभराचा वैताग या एका कड्यापायी आहे.

विनीतने गाडी घरी आणली तेव्हा त्याच्या आईने, हेमाबाईंनी, तिला ओवाळलं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या अंगावर उडालं आणि मला वाटलं, वा, आपलाही मान आहे तर! कसला मान आणि कसलं काय. सगळे हेडलाइट बघत होते, आरशात तोंडं बघत होते. आमच्याकडे कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी विनीतने सीटखालची हत्यारांची पिशवी उघडली. वाकडा पाना हातात धरून तो म्हणाला, "हे काय दिलंय यांनी? कुठे लागतं हे?"

"बघू इकडे," आई म्हणाली. "अरे, सिलेंडरचं झाकण ओढायला छान आहे. ती दोरी दर वेळी तुटते आणि मग नखं लावत बसावं लागतं."

झालं! पाना स्वयंपाकघरात गेला. सिलेंडरशेजारी खिळा ठोकला, त्यावर तो लटकला आणि तिथेच रमला. इतकी वर्षं त्याने गॅसची झाकणं उपटली, आणि मी खाली पार्किंगमध्ये त्याची वाट बघत पडलो.

आता माझं डावेपण ऐका. हेमाबाई साडी नेसतात, म्हणजे गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसतात. ती बाजू डावी. दर गुरुवारी त्या विनीतच्या मागे बसून कळव्याला बहिणीकडे जायच्या. बाई अंगाने मूठभर, पण विनीत चांगला खाऊनपिऊन सुखी, त्यात त्यांच्या मांडीवर बहिणीसाठी कधी फणस, कधी दळण. भार सगळा माझ्याकडे झुकायचा. उजवा नुसता सायलेन्सरच्या शेजारी बसून "उकडतंय, उकडतंय" करायचा. माझं कडं दुसऱ्या खाचेवर, कारखान्यातून आलं तसंच. दोघांच्या भाराला निदान चौथी खाच हवी होती. ती न मिळाल्याने प्रत्येक खड्ड्यात मी तळापर्यंत बसायचो आणि ठक्कन आदळायचो. तो ठोका सरळ हेमाबाईंच्या कमरेत जायचा. आणि आमच्याकडचे रस्ते! डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग ज्याला हौस येईल त्याने घातलेला गतिरोधक. मी ओरडून सांगत होतो, कडं फिरवा हो कुणीतरी! पण शॉकअप ओरडला तर त्याला 'गाडी आवाज करते' असं म्हणतात आणि तेल मारून गप्प करतात.

बाईंची कंबर धरली. त्यावर काय काय उपाय झाले म्हणून सांगू! विनीतने सीटवर जेलची उशी बसवली. मागे जाड टायर घातला. सूनबाई श्रियाने कमरेचा पट्टा आणला, मलम आणलं, शेकायची पिशवी आणली. डॉक्टर झाले, मालिशवाली झाली. सगळे बाईंच्या कमरेकडे बघत होते. कमरेच्या खाली वीतभर अंतरावर मी होतो, पण तेवढं खाली बघायला कुणाची मान वळेना.

शेवटी माझं सील फुटलं आणि तेल गळायला लागलं. गॅरेजवाल्या धम्मपालने बोट लावून पाहिलं.

"डावा गेला तुमचा. तेल भरून देऊ की नवीन टाकू?"

विनीतने लगेच सौमित्रला फोन लावला. सौमित्र हा त्याचा कळव्याचा मित्र. मोठी गाडी, माळशेजच्या वाऱ्या, आणि फोनवर सल्ला द्यायची भारी हौस.

"अरे, जुने कसले भरतोस? गॅसवाले टाक ना, डबीवाले! वळणावर गाडी नुसती चिकटून जाईल, बघ तू. आणि एक काम कर, फुल टाईट करून घे. ढिले ठेवले ना, तर गाडी डुलते."

"फुल टाईट करा बोलतोय तो," विनीतने धम्मपालला सांगितलं आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला.

"तुम्ही बोलाल तसं," धम्मपाल म्हणाला.

आम्हाला उतरवून बाजूच्या पोत्यावर ठेवलं. तिथून मी बघितलं. लालभडक स्प्रिंगची, पाठीला गॅसची चकचकीत डबी लावलेली नवी जोडी आली. आणि धम्मपालने पाना लावून त्यांचं कडं फिरवलं! माझं कडं जन्मात कुणी हलवलं नाही आणि यांचं पहिल्याच दिवशी हललं, तेही थेट पाचव्या खाचेवर. अहो, ती खाच दोन धिप्पाड माणसं आणि वर तांदळाचं पोतं असेल तेव्हाची! मी अगदी सैल म्हणून बाई आदळत होत्या, आता हे अगदी घट्ट म्हणून उडणार होत्या. चहा पिणाऱ्याला याचा पत्ता नव्हता.

नवे शॉकअप वाईट नव्हते. माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते, हे मी मान्य करतो. विनीत एकटा जायचा तेव्हा मोठागावच्या पुलावर गाडी वाऱ्यासारखी पळायची, वळणावर जराही हलायची नाही. तो घरी येऊन श्रियाला हातवारे करून सांगायचा. मग गुरुवार आला. आई नव्या शॉकअपवर बसून कळव्याला गेली. परत आली ती जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. मी तोवर बाल्कनीत येऊन पडलो होतो, मला सगळं ऐकू आलं.

"इतके महागाचे टाकले ग आई, तरी दुखतंय?" विनीत हिरमुसून म्हणाला.

"गाडीचा काही दोष नाही रे," आई म्हणाली. "वय झालं माझं. आता मी घरीच बरी."

मित्रांनो, मला त्या वेळी कांद्याची टोपली लाथाडून द्यावीशी वाटली. वय? ही बाई जिन्यावरून पाण्याची बादली नेते, दोन तास उभी राहून पुरणपोळ्या लाटते. हिचं वय झालेलं नाही हो, तुमच्या गाडीचं कडं चुकीच्या खाचेवर आहे! पण घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुवारचं कळवा बंद झालं. बहीण फोनवर विचारायची आणि आई सांगायची, "बघू पुढच्या आठवड्यात."

नवरात्र जवळ आलं. हेमाबाईंचं माहेर टेंभी नाक्याचं. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या तेव्हापासून त्यांनी दर नवरात्रात तिथल्या देवीची ओटी स्वतः भरली. दोघी बहिणी तिथे भेटायच्या, ओटी भरायच्या आणि जुन्या शेजारणींकडे चहा प्यायच्या. या वर्षी त्यांनी खण, नारळ, तांदूळ एका पिशवीत बांधले आणि श्रियाच्या हातात दिले.

"तू जाऊन ये ग. माझ्या नावाने भर."

"आई, आपण गाडी बुक करू ना. आरामात जाल तुम्ही."

"नको. आज गाडी कराल, पुढच्या वर्षी काय? कधीतरी सुटायचंच होतं, आता सुटलं म्हणायचं."

आवाज अगदी साधा होता. पण त्या नंतर बाल्कनीत आल्या, दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढला, घडी घातली, पुन्हा उलगडली आणि त्याच टॉवेलने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिलेंडर आला. आईने खिळ्यावरून पाना काढला, झाकण उपटलं आणि पाना हातात तसाच ठेवून कांदे घ्यायला बाल्कनीत आल्या. टोपलीत हात घातला तर कांद्याऐवजी मी हाताला लागलो. त्या मला बाजूला करणार, एवढ्यात थांबल्या. माझं कडं बघितलं. मग हातातला पाना बघितला. डब्यांच्या ढिगाऱ्यातून कोणतं झाकण कोणत्या डब्याचं, हे या बाईंना न बघता कळतं. त्यांनी पान्याचा आकडा माझ्या खाचेत घातला. तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच केला होता. आणि होताच हो, त्याच्यासाठीच केला होता! त्यांनी मला दोन्ही पायांत धरलं, जोर लावला आणि टक्! माझं कडं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेसुद्धा अंगावर गाडी नसताना, कांद्यांच्या सोबतीत.

"विनीत! अरे, इकडे ये आधी. हे फिरतंय."

"आई, सोड ते, हात कापेल तुझा!"

"हात राहू दे. स्प्रिंग बघ, कशी दबली. हे घट्ट आणि सैल करायचं आहे. तुझ्या त्या नव्या लाल्यांना असलं काही आहे का?"

विनीतने वाकून कडं बोटाने चाचपलं. मग हळूच म्हणाला, "आयला. फुल टाईट म्हणजे हे होतं होय? मला वाटलेलं नटबोल्ट..."

"तू ते कशाला टाईट करायला सांगितलंस?"

"सौमित्र बोललेला."

"सौमित्रची आई बसते का मागे?"

विनीतने तिच्या हातातला पाना घेतला. दोघंही खाली गेली. मी टोपलीच्या काठावरून बघत होतो. विनीत उकिडवा बसून दोन्हीकडची कडी सैल करत होता आणि आई एका बाजूला पाय सोडून सीटवर बसून सांगत होती, "अजून जरा... हं, आता बास." मग त्यांनी इमारतीभोवती एक चक्कर मारली. फाटकाजवळ आमचा तो कुप्रसिद्ध गतिरोधक आहे. गाडी त्यावर चढली. लाल डावा सावकाश खाली बसला, सावकाश वर आला. माझा जीव त्याच्यात अडकला होता. गाडी जिन्यापाशी आली, विनीतने पाय टेकले.

"उतरतेस ना?"

"नाही," आई म्हणाली. "अजून एक चक्कर मार."

पंचमीला त्या स्वतः गेल्या. हिरवी साडी, मांडीवर ओटीची पिशवी, दोन्ही पाय डावीकडे. संध्याकाळी परत आल्या आणि धडाधड जिना चढल्या. श्रियाला सांगत होत्या, "अगं, रस्ता खराबच आहे, पण कमरेला नाही कळलं! आणि ताईने मला बघून नारळच खाली टाकला." कितीतरी दिवसांनी घरात त्यांचं हसू ऐकू आलं.

आज दसरा. सकाळी गाडी धुऊन तिला हार घातला. घरात पाटावर विळी, कात्री, विनीतचा लॅपटॉप आणि तो वाकडा पाना पूजेला मांडला. मग आई बाल्कनीत आली, माझ्या अंगावरची कांद्याची सालं झाडली आणि आम्हा दोघांना नेऊन पाटावर ठेवलं.

"आई, ह्यांना कशाला? सोमवारी भंगारवाल्याला द्यायचेत."

"दे ना. मी कुठे नको म्हणते? पण इतकी वर्षं माझा भार ह्यानेच घेतला. डावीकडे बसते ना मी."

त्यांनी मला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. रडायला माझ्याजवळ काही नाही, तेल होतं तेही गळून गेलं. पण मित्रांनो, मी भरून पावलो. पूजा झाल्यावर त्यांनी पाना उचलला आणि आमची दोघांची कडी नीट चौथ्या खाचेवर आणून ठेवली.

"आता कशाला, आई?" विनीत हसला.

"कुणीतरी तेल भरून लावेलच याला. त्याच्याही मागे कुणाची आई बसत असेल."

मग पाना सीटखालच्या पिशवीत गेला. सिलेंडरशेजारचा खिळा रिकामा झाला.

मित्रांनो, सोमवारी मी जाईन. जाण्याआधी एवढंच सांगतो. आज घरी गेलात की बाबांच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी खाली बसा आणि आमचं कडं शोधा. ते कुठल्या खाचेवर आहे आणि मागे कोण बसतं, हे बाबांना विचारा. पाना गाडीत नसेल तर आधी स्वयंपाकघरात बघा. आणि घरात कुणी "वय झालं माझं, मी घरीच बरी" म्हणालं, तर कृपा करून लगेच मान डोलावू नका. त्यांना मागे बसवा, एक चक्कर मारा, आणि उतरायच्या आधी विचारा, अजून एक मारू का?