काटा लालवर

शुक्रवारी दुपारी एकपर्यंत मी त्या जुन्या मॉरिस गाडीचा थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर दोनदा धुतला, इंजिनातला सेन्सरही नवा टाकला. तरी दहा मिनिटं चालली की तापमानाचा काटा सरळ लालवर. इथे कुमासी शहरात तीस वर्षं फिटरकी करतोय मी, आणि बोटभर काटा मला वेडावून दाखवतो? संताप संताप होत होता.

गाडी हेडमास्तर बोआहेने यांची. ते वारले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शवागारातून काढून अंत्ययात्रा निघायची होती. आमच्या रिवाजाप्रमाणे त्यासाठी घराला रंग देऊन झाला होता आणि त्यांच्या मुलीने, पोकुआने, त्याबरोबर गाडीही काळी कुळकुळीत करून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी तिने घरच्यांना न विचारता लग्न केलं. तेव्हापासून म्हाताऱ्याने तिच्याशी बोलणं टाकलं, ते शेवटपर्यंत. आता ती स्टिअरिंगवर बसली की काटा लाल. तिचे काका अग्येई घराण्याचे प्रमुख, म्हणून सगळे त्यांना मानाने ओपानिन म्हणत; त्यांना तेवढं पुरेसं होतं.

"फिटर, उगीच पाने झिजवू नका. इंजिन कुठलं तापतंय? भाऊ तापलाय माझा."

"काका, मग उद्या मी गाडीत बसू की नको?" पोकुआने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत काटा खाली आला तर शवपेटीमागे पहिली तू, बापाच्या गाडीत. नाही आला तर शेवटी, बसमध्ये, ढोलवाल्यांबरोबर."

कोण कुठे बसलं हे आमच्याकडे पुढची वीस वर्षं लोकांच्या तोंडी असतं. मी रेडिएटरवर हात ठेवून दहा आकडे मोजले. गरम होता, पण हात ठेवण्यासारखा. इंजिन एक सांगत होतं, काटा भलतंच. गॅरेजात मला बसवेना. म्हटलं, रस्त्यावर काढू.

पोकुआ स्टिअरिंगवर, मी शेजारी, काका मागे खांद्यावरचं काळं कापड सावरत. ऑफिन्सो रस्त्याचा चढ लागला आणि काटा लालवर गेला.

"अगं, समोर बघ! ट्रक आहे!" मी ओरडलो.

"बघतेय की."

कुठली बघतेय! डोळे काट्यावर आणि ओठ हलताहेत. प्रार्थना करत असेल, मला वाटलं.

चढ संपायच्या आत गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली.

"झालं! बोललो नव्हतो?" काका मागून ओरडले.

मी बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही. पेट्रोलची नळी काढली, तर कोरडी ठणठणीत.

"पेट्रोल संपलंय."

"कसं संपेल, फिटर? टाकी भरलेली आहे. हा बघा ना काटा," पोकुआ म्हणाली.

बघितलं. पेट्रोलचा काटा अगदी वरच्या टोकाला होता, आणि सकाळी मी स्वतः जेमतेम अर्धा गॅलन ओतलं होतं! दिवसभर एकाच काट्याच्या मागे लागलो होतो मी, गाढवासारखा. दोघं एकदम खोटं बोलतात, म्हणजे शिकवणारा एकच.

उताणा होऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तिथे पत्र्याची छोटी डबी असते, ती दोन्ही काट्यांना बेताबेताने वीज देते. डबीचं बूड उघड्या पत्र्याला टेकलेलं लागतं, नाही तर ती वीज आवरत नाही आणि दोन्ही काटे वर चढतात. इथे डबीमागे काळा रंग होता, चांगला दोन हात दिलेला.

"इथे आत कुणी रंग द्यायला सांगितला?"

"मीच. म्हटलं, बाबांच्या गाडीचा एक कोपरा राहायला नको."

मी स्क्रू ढिले केले, पाजळलेल्या चाकूने रंग खरवडला, चकाकता पत्रा दिसल्यावर डबी पुन्हा आवळली.

"चावी फिरव. इंजिन नको, नुसती चावी."

पेट्रोलचा काटा तळाला जाऊन बसला. तापमानाचा हळूहळू मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

काका पुढे वाकून बघत होते. "म्हणजे, भाऊ रागावला नव्हता?"

"रंग होता, ओपानिन."

काका मोठ्याने हसले. पोकुआच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "जा पोरी, उद्या पहिली तूच."

मला वाटलं आता ही उडी मारेल. ती काट्याकडेच बघत बसली होती, आणि बघता बघता तिचे डोळे वाहायला लागले.

"आता गं काय झालं? जिंकलीस ना?"

"काही नाही, फिटर," ती म्हणाली. "रागावून का होईना, मला वाटत होतं बाबा माझ्याशी बोलतायत."