जिभेला चिकटणारा मणी

पुसदच्या मित्रसेवा क्लबात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पाहुण्या वक्त्यापेक्षा चहा-चिवड्यावर जास्त नजर ठेवणारी मंडळी पुढच्या खुर्च्यांसाठी भांडत होती. कारण आजच्या पाहुण्यांनी भाषणासोबत वेताच्या पेटीतून नाग आणला होता.

पाहुण्यांचं नाव प्रोफेसर त्रिलोकनाथ. कोणत्या कॉलेजात प्रोफेसर, हे विचारायची क्लबात पद्धत नव्हती. एका गावच्या क्लबानं हार घातला म्हणून दुसऱ्या गावानं घातला, आणि दुसऱ्यानं घातला म्हणून पुसदकरांनी घातला. अंगात सूट, डोक्याला रेशमी फेटा, बोटांत अंगठ्या. एवढ्यावर निम्मी सभा जिंकून झाली होती.

"जंटलमन," प्रोफेसर गरजले, "ये पत्थर नहीं, नागमणी है! हिमालय में सौ साल का नाग जब देह छोडता है, तब ऐसा एक मणी मिलता है!"

आणि असे मणी त्यांच्या ट्रंकेत खोकंभर होते. हिमालयात नागांची साथ आली होती की काय, हे कोणाच्या मनात आलं नाही.

नागानं एका कोंबडीला दंश केला. प्रोफेसरांनी जखमेवर काळा, चपटा मणी ठेवला. मणी चिकटून बसला. थोड्या वेळानं तो काढून दुधाच्या पेल्यात टाकला, तसे दुधात भराभर बुडबुडे उठले. "देखिए, जहर उगल रहा है!" कोंबडी पंख झटकून टेबलाखाली पळाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग प्रोफेसरांनी एक कोरा मणी सभेत फिरवला. "जीभ पर लगाइए. जिंदा मणी है, पकड लेगा!" क्लबाचे चिटणीस यज्ञेश्वरराव, निवृत्त मामलेदार, बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारे. त्यांनी जीभ काढली, मणी तिला चिकटला आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या सभेत एकच माणूस उभा राहिला, आणि तीही बाई. शुभदाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. क्लबाचे अध्यक्ष नरहर वकील त्यांचे यजमान.

"प्रोफेसरसाहेब, दुसऱ्या एका कोंबडीला याच नागाकडून चावून घ्या, आणि तिला मणी लावू नका. तीही जगली, तर मण्याचं काम काय?"

प्रोफेसरांनी दोन्ही कानांना हात लावले. "बहनजी! खेल के लिए जीवहत्या?"

पुन्हा टाळ्या. नरहररावांनी अध्यक्षाची घंटा वाजवली. पाहुण्यांना खोडून काढायचं नाही, हा क्लबाचा शिरस्ता होता. यज्ञेश्वररावांनी आभार मानले आणि सूचना मांडली की यंदाचं सेवाकार्य म्हणून बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांत घरटी एकेक मणी वाटावा. "ते अडाणी लोक. साप चावला की भगताकडे धावतात. त्यांना काही तरी शास्त्रीय द्यायला हवं."

शास्त्रीय! घरी आल्या आल्या शुभदाबाईंनी नरहररावांना गाठलं. "अहो, निदान वाटप तरी थांबवा. आता कापूस वेचायचे दिवस आहेत. कोणी याच्या भरवशावर बसलं तर?"

"लोकांसमोर माझी शोभा केलीस तेवढी पुरे," नरहरराव म्हणाले. "आणि मणी लावून नुकसान काय होणार आहे?"

पहिलं वाटप फुलसावंगीजवळच्या एका तांड्यात झालं. कोट घालून सगळा क्लब गेला. तांड्याचे नाईक खेमसिंग यांना हार घातला, फोटो काढला. मणी जखमेला चिकटला म्हणजे विष ओढतो आहे, आपोआप गळून पडेपर्यंत काढायचा नाही, असं यज्ञेश्वररावांनी प्रत्येक घराला बजावून सांगितलं.

दिवाळी सरली आणि त्याच तांड्यातल्या देवसिंगच्या बायकोला, रामीबाईला, वेचणीत नाग चावला.

तिला पुसदच्या दवाखान्यात आणलं तेव्हा श्वास उरला नव्हता. शुभदाबाईंना कळलं तशा त्या धावत गेल्या. डॉक्टर ओट्यावर डोकं धरून बसले होते. "इंजेक्शन होतं हो माझ्याकडे. वेळेवर आणायला हवी होती." खेमसिंग नाईक भिंतीशी उभे होते.

"उशीर काहून झाला, नाईक?" शुभदाबाईंनी विचारलं.

"मोटार उभी होती, बाई. जिनिंगवाल्यायची, कापूस भरून राह्यली होती. मागच्या साली आमच्या नेमसिंगले चावला, तं याच दवाखान्यात आनलता. वाचला तो. यंदाबी आनली असती. पन मणी चिकटला होता नं. साहेबायनं सांगतलं होतं, पडेपर्यंत हात लावू नोका. तिच्या पापन्या मिटून गेल्या, बोलनं बोबडं झालं, तरी पडला नाही."

अडाणी तांडा दवाखान्याची वाट धरून होता. त्याला त्या वाटेवरून मागे फिरवलं ते शिकल्यासवरल्या लोकांनी. आणखी कितीक घरांत ते मणी अजून जपून ठेवलेले होते, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या तांड्यात वाटप ठरलं होतं.

उरलेल्या मण्यांचं खोकं शुभदाबाईंच्याच घरात, कपाटावर होतं. त्यांनी एक मणी वरवंट्यानं फोडला. आत बारीक बारीक भोकांची जाळी दिसली. अशी जाळी कशात असते, हे त्या दरवर्षी सातवीच्या मुलींना शिकवत. दुसऱ्या दिवशी त्या पूस नदीच्या काठावर गेल्या आणि पिशवीतून काही तरी घेऊन आल्या. परसात चूल पेटली, तीवर झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा चढला. वास सुटला तेव्हा शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय जळलं हो?" शुभदाबाई म्हणाल्या, "क्लबाचं सेवाकार्य."

पुढच्या गुरुवारी यवतमाळहून येणारे पाहुणे जीप बिघडल्यामुळे आलेच नाहीत. सभा रिकामी कशी सोडायची? शुभदाबाईंनी बोलायची तयारी दाखवली. नरहररावांनी नाइलाजानं विषय जाहीर केला, 'गृहिणी आणि विज्ञान'.

शुभदाबाईंनी आधी दुधाच्या पेल्यात विटेचा कोरडा तुकडा टाकला. भराभर बुडबुडे उठले.

"ही वीट कोणतं विष ओकते आहे?" त्यांनी विचारलं. "कोरड्या भोकांत हवा असते. दूध आत शिरलं की ती बाहेर येते. आणि नागाचं विष खेळाआधी काढून घेतात, मग कोंबडीला मरायचं कारणच उरत नाही. मी त्या दिवशी विचारलं होतं ते एवढंच होतं."

सभा चुळबुळली. मग त्यांनी बशीत दोन मणी ठेवले. "यज्ञेश्वरराव, यातला प्रोफेसरांचा कोणता, ओळखा."

यज्ञेश्वररावांनी मोठ्या आत्मविश्वासानं आधी एक जिभेला लावला, मग दुसरा. दोन्ही चिकटले. "दोन्ही अस्सल!" त्यांनी निर्वाळा दिला.

"एक प्रोफेसरांचा आहे. दुसरा मी परसात भाजला. नदीकाठी पडलेलं मेलेल्या बैलाचं हाड. बंद डब्यात जाळलं की असंच काळं होतं. भोकं ओल शोषतात, म्हणून ते जिभेलाही चिकटतं, जखमेलाही आणि ओल्या भिंतीलाही. अंगात भिनलेलं विष त्याला ओढता येत नाही. प्रोफेसरांचा मणी मी फोडून पाहिला. तेही हाडच."

मग यज्ञेश्वरराव "शिव शिव शिव" करत तोंड दाबून मोरीकडे धावले. कोणी धोतराच्या सोग्यानं जीभ खरवडू लागलं, कोणी गोमूत्र आणायला नोकर पिटाळला.

"बैलाचं हाड! आमच्या तोंडात!"

"वहिनी, ब्राह्मणाच्या घरात हे तुम्ही शिजवलंत?"

"नरहरराव, तुमच्याकडे पाणी कसं प्यायचं आता आम्ही?"

"रामीबाई मेली!" शुभदाबाई ओरडल्या. "तिच्याबद्दल कोणी बोलेल का?"

यज्ञेश्वरराव चूळ भरून आले होते. "तो आजचा विषय नाही," ते म्हणाले.

ठराव झाला. पुढचं वाटप स्थगित. शुभदाबाईंच्या वर्तनाबद्दल सभेची नापसंती. आणि वाटलेल्या मण्यांचं काय? दिलेली वस्तू परत मागणं क्लबाच्या प्रतिष्ठेला शोभणार नाही, असं सर्वानुमते ठरलं. नरहररावांनी मान खाली घालून घंटा वाजवली. माणसाच्या जिवापेक्षा जिभेचं सोवळं मोठं ठरलं, आणि त्यावर चहा झाला.

रविवारी शुभदाबाई एकट्याच एस.टी.नं फुलसावंगीला उतरल्या आणि तांड्यावर चालत गेल्या. खेमसिंग नाईकांनी माणसं जमवली. बाईंनी सगळं उलगडून सांगितलं, फोडलेला मणी हातात दिला. काहींनी आपापले मणी आणून टाकले. देवसिंगची म्हातारी आई सुखीबाई मात्र ओढणीची गाठ मुठीत धरून बसली होती.

"सुनेचं नशीब खोटं होतं, बाई. मणी कायले खोटा राहीन? एवढे मोठे साहेब कोट घालून आलते. खोटं होतं, तं सांगाले काहून नाही आले? देताना तं सारेच आलते."

शुभदाबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"यायला हवे होते," त्या म्हणाल्या. "त्यांना लाज वाटते. माझे यजमानही त्यांतलेच. पण सुखीबाई, साहेब आले काय न आले काय, विष चढायचं थांबत नाही. मी सांगते म्हणूनही मानू नका. कोणीही काही घेऊन आलं, कोटातला असो की भगव्यातला, त्याला विचारा: हे लावलं नाही तर काय होतं, ते दाखव. दाखवायला तयार नसला, तर त्याला वाटेला लावा. आणि साप चावला की आधी दवाखाना."

सुखीबाईची मूठ सुटेना. तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेला देवसिंग उठला आणि आईसमोर येऊन बसला.

"याडी, दे तो मणी."

"पोरायसाठी ठेवला रे."

"त्यायच्या मायले लावलता नं तोच. तिचा पाय माह्या मांडीवर होता. ती म्हने, मले दवाखान्यात ने. तीनदा म्हने. मीच म्हनलो, थांब, अजून चिकटून हाये."

सुखीबाईनं ओढणीची गाठ सोडली आणि मणी जमिनीवर ठेवला.