फौजदारणीच्या मिशा

दोंडाईच्याच्या अभिमन नानांकडे एक मांजर होती. तिच्या मिशा पाहायला गल्लीतली माणसं मुद्दाम डोकावून जात. मांजराच्या मिशा सरळ असतात, हे साऱ्या जगाला ठाऊक. हिच्या मात्र लांबलचक आणि टोकाला झकास पीळ दिलेल्या. नानांच्या स्वतःच्या मिशाही अगदी तशाच. बाजारात मिरचीची मापं करता करता त्यांनी उभा जन्म त्या मिशांना पीळ दिला होता. त्यांनी मांजरीचं नाव ठेवलं फौजदारीण. सून प्रमिलाला स्वतःचं जेवण उशिरा झालेलं चाले, पण फौजदारणीच्या दुधाला उशीर झालेला नानांना खपत नसे.

त्या उन्हाळ्यात नानांना दम लागला तो थांबेचना. त्यांच्या मुलानं, धनसिंगनं, जीप करून त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. घरी राहिल्या सासू तानुबाई, प्रमिला आणि बिबड्यांच्या पापडांसाठी भिजत घातलेली ज्वारी. आंबलेली ज्वारी काही कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. म्हणून शेजारच्या कुंदाबाईला हाताशी घेऊन दोघींनी भल्या सकाळी घाटा शिजवला आणि अंगणात ओल्या फडक्यावर बिबड्या थापायला बसल्या. लक्ष कुणाचंच ठिकाणावर नव्हतं. तेवढ्यात तानुबाईंच्या बोटाला काहीतरी लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं. वळलेला, पांढरा, राठ केस.

"माय वं!" त्या किंचाळल्याच. "मांजरनी मिशी! हाई पोटमा गयी ते मानूस वाळी जास. फेकी दे बठ्ठं!"

पातेलंभर घाटा उकिरड्यावर गेला. वर हुकूम सुटला, मांजरीला पोत्यात घालून सोनगीरच्या पल्याड सोडून यायचं. तानुबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नाना परत आले की सुनेच्या आधी मांजरीला हाक मारणार, हे प्रमिला जाणून होती. काय सांगायचं त्यांना? तिनं विचार केला आणि तिला वाटलं, फार शहाणपणाचा विचार केला. मिशाच नसल्या तर मिशीची भीती कुठली? दुपारी तिनं फौजदारणीला मांडीवर घेतलं आणि ब्लाउज बेतायच्या कात्रीनं दोन्हीकडच्या मिशा मुळापासून उडवल्या. मांजर हूं की चूं न करता बसून राहिली. केसात कुठे जीव असतो, असं म्हणत प्रमिलानं कात्री ठेवून दिली.

तानुबाईंनी मांजरीचं ते बोडकं तोंड पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मिशा काढ्यात? घरना मालक दवाखानामा शे आन् तू घरमा मिशा काढस?"

तेव्हा कुठे प्रमिलाच्या डोक्यात उजेड पडला. त्या घरात, त्या गल्लीत मिशा एकाच प्रसंगी उतरत. बाप गेल्यावर, नदीकाठी. हे तिला माहेरी मुक्ताईनगरकडेही ठाऊक होतं. पण मांजरीला बाप कसला आणि सुतक कसलं, असं तिला वाटलं असावं. पोत्याचा विषय मागे पडला. तानुबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

मग जे दिवस गेले ते काही विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन होता. तो वाजला की प्रमिला हातातलं टाकून दारात. फोन भलत्याचाच निघे. ती परत आत, परत दारात. तशीच ती मांजर. गजांच्या ज्या फटीतून ती रोज सुळकन जायची, तिथे आता मान घालायची, काढायची, पुन्हा घालायची. चालताना दाराच्या चौकटीला घासायची, दुधाच्या वाटीत नाक बुडवून शिंकायची. एकदा प्रमिलानं तिच्या गालावरच्या खुंटांना हलकेच बोट लावलं, तर तिचं सगळं तोंड थरथरलं.

"कुंदाबाई, मिशांना कळत असेल का हो काही?" तिनं विचारलं.

"केसले काय समजस? आपू वेणी कापतस ते दुखस का?" कुंदाबाई म्हणाली आणि आपल्या कामाला गेली. प्रमिलाचं समाधान झालं नाही. तिला ना बसवे ना उभं राहवे. नानांना काही झालं तर जन्मभर या घरात आपण तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार तिला कुरतडत होता.

अखेर एका सकाळी दारात रिक्षा थांबली. धनसिंगनं आधार देऊन नानांना उतरवलं. नाना चालत होते, जिवंत होते. पण त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं होतं. ओसरीवर बसल्यावर ते सरकलं आणि तानुबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. नानांच्या ओठावर एक केस नव्हता.

"नाकातली नळी चिकटपट्टीनं टिकेना," धनसिंग म्हणाला. "म्हणून गुरुवारी काढायला लावल्या."

मांजरीच्या बुधवारी गेल्या होत्या. तानुबाईंनी प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलानं मान खाली घातली.

चहा आला. नानांनी बशी उचलली, तोंडाजवळ नेली आणि चहा हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला.

"काढतांना काहीच समजनं नही," ते खजील होऊन म्हणाले. "आते बशी कोठे थांबाडानी ते समजत नही."

फौजदारीण धावत आली आणि खाटेच्या पायाला धडकून त्यांच्या मांडीवर चढली. नानांनी तिच्या गालावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. त्यांचा चेहरा उतरला. रोगातून उठलेल्या माणसाला असल्या गोष्टी फार लागतात.

"पहिले कोन्या गयात?" त्यांनी आपल्या ओठावर, मग तिच्या गालावर बोट ठेवत विचारलं. "मन्या का इन्या?"

खोटं प्रमिलाला येत नव्हतं. खरं सांगायला तिनं तोंड उघडलं.

"तुमन्या," तानुबाई मध्येच म्हणाल्या. "तुमन्या पहिले. मंग इनी रुसनी, खाये ना, पिये ना. म्हनीसन मीच सूनले सांगं, इन्याबी काढी टाक."

धनसिंग आईकडे पाहतच राहिला. नाना मात्र हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तरी ते हसतच राहिले. त्यांनी मांजरीला छातीशी धरलं.

तानुबाईंनी तांब्या उचलला. "उभी काय राहिनी, पोरी?" त्या प्रमिलाला म्हणाल्या. इतक्या दिवसांनी त्यांनी तिला हाक मारली होती. प्रमिला आत गेली आणि चुलीपुढे बसून पोटभर रडली.