मी उघाडी धरून बसले

"मॅडम, जीभ दमते का हो?"

मित्रांनो, रोह्याच्या एका शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी नववीतल्या मृणालीने डॉक्टरांना हा प्रश्न विचारला. मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून विचारला. अख्खा वर्ग खिदळला. मी मात्र हसले नाही. उत्तर मला ठाऊक होतं, कारण त्या वेळी मी त्याच जिभेत बसले होते.

मी एक जुनी अँटिबॉडी आहे. पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. जुनी म्हणजे किती, तर आज दोन महिन्यांची. हसू नका. आमच्यातल्या अर्ध्याअधिक तीन आठवड्यांत संपतात, त्या मानाने मी पणजीच झाले. दिसायला मी गलोलीच्या बेचकीसारखी, खाली दांडा आणि वर दोन फाटे. फाट्यांच्या टोकांना पकड असते. ज्याच्यासाठी आम्हाला घडवलं, त्यालाच ती बसते. मला कान नाहीत, पण रक्त सगळं अंग फिरून येतं आणि येताना बातम्या घेऊन येतं, म्हणून मला बाहेरचंही कळतं.

आमच्या घराण्याचं नाव मोठं आहे. मधे एक साथ आली होती, तेव्हा तर काय विचारू नका. लोक मुद्दाम रक्त तपासून घेत आणि "माझ्यात अँटिबॉडी तयार झाल्या" असं गावभर सांगत. जंतू दिसला की धरायचा, ही आमची नोकरी. आपलं कोण आणि परकं कोण, हे शिकवणारी शाळा छातीच्या हाडामागे असते. तिचं नाव थायमस. मृणालीच्या थायमसमध्ये शिकवताना कुठेतरी चूक झाली. का झाली, ते अजून भल्याभल्या डॉक्टरांना कळलेलं नाही, तर मला काय कळणार? तिथल्याच एका पेशीने मला घडवलं आणि कामावर पाठवलं. मी ऐटीत निघाले.

पहिल्याच दिवशी मला माझा शत्रू सापडला. स्नायूच्या भिंतीवर बसलेला एक रिसेप्टर.

रिसेप्टर म्हणजे काय, ते मृणालीच्या आजाच्या भाषेत सांगते. मृणालीची आई अनिता पेणच्या खाडीकडची. आजोबा महिपती अजूनही मिठागरावर जातात. तिथे बांधाला एक झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ती उघडली की खाडीचं खारं पाणी आत येतं. स्नायूवरचा रिसेप्टर ही अशीच एक इवलीशी उघाडी. मज्जातंतूकडून निरोप आला की ती उघडते, मिठाचे कण आत धावतात आणि स्नायू हलतो. जीभ वळते, पापणी उचलली जाते, माणूस हसतो.

आणि मी त्या उघाडीलाच चोर समजून गच्च धरून बसले. शेजारी माझ्या हजारो बहिणी बसल्या. काही जणी धरलेल्या उघाडीसकट आत ओढल्या गेल्या आणि दोघींचाही निकाल लागला. मला वाटे, काय शौर्य गाजवतोय आम्ही.

बाहेर काय चाललं होतं, ते ऐका. मृणाली म्हणजे शाळेच्या कबड्डी संघातली चढाईची पोर. तोंडाला उसंत नाही, पायाला उसंत नाही, नदीपलीकडच्या अष्टमी गावातून पुलावरून शाळेत येतानासुद्धा पळत येणार. तिला एकच ध्यास होता, पेणच्या जिल्हा स्पर्धेत चढाई करायची. त्याआधी वडखळला सामना झाला. शेवटची चढाई तिची होती. ती "कबड्डी कबड्डी" म्हणत घुसली, दोघींना शिवली, आणि परतताना तिचा शब्द नाकात गेला. "कबड्डी"चं "कमन्नी" झालं. पंचांनी शिट्टी मारली. दम तुटला, सामना गेला.

कर्णधार नमिता येताना टेम्पोत तिच्याशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी मृणालीने सांगितलं, "मी घाबरले नव्हते, माझी जीभच दमली." त्यावर मुलींनी जे तोंडसुख घेतलं! तिची डावी पापणी दुपारनंतर अर्धी मिटायची, त्यालाही नाटक ठरवलं. घरी आई म्हणायची, मोबाइल कमी बघ. शेवटी नमितानेच पैज लावली. "जीभ दमते म्हनं. डॉक्टरीण येनार हाय ना, तिला विचारून दाखव. बघू हिंमत."

तर तो प्रश्न असा आला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मृणालीला समोर उभं केलं आणि एकपासून पन्नासपर्यंत मोठ्याने मोजायला लावलं. पंचवीसपर्यंत आवाज खणखणीत. तीसनंतर शब्द ओले झाले. छत्तीस, सदतीस नाकातून यायला लागले. एक्केचाळीसला जीभ अडली ती अडलीच. आम्ही इतक्या उघाड्या धरल्या होत्या की निरोप येत होते आणि दारातूनच परत फिरत होते. वर्गातलं हसू कधी थांबलं, कुणाला कळलं नाही.

मग डॉक्टरबाईंनी बर्फ मागितला. कोण आणणार? नमिताच धावली. मासळीवाल्या मावशीकडून पिशवीभर बर्फ आणला, त्याला पापलेटचा वास. रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो दोन मिनिटं मिटत्या पापणीवर धरला. मोजा काढला आणि पापणी वर! त्याचं असं आहे, मित्रांनो, निरोप आला की तो लगेच पुसून टाकणाराही एक जण असतो. थंडीत त्याचा हात चालत नाही. निरोप जरा जास्त वेळ टिकतो आणि उरल्यासुरल्या उघाड्यांचं काम भागतं.

"ही मुलगी नाटक करत नाहीये," डॉक्टरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हिच्या अंगातलेच पहारेकरी हिच्यावर उलटलेत."

पहारेकरी म्हणजे मी. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी इतके दिवस काय करत होते. खरं सांगते, सोडून द्यावंसं वाटलं. पण आमची पकड आमच्या हातात नसते.

पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात मृणालीचं रक्त घेतलं. माझ्या कितीतरी बहिणी त्या नळीतून गेल्या आणि तपासणीत पकडल्या गेल्या. आजाराला नाव मिळालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळी घेतली की चार तास जीभ पुन्हा मैना. तिथे संशोधन करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मृणालीला कागदावर माझं चित्र काढून दाखवलं. आम्ही रिसेप्टरचा नेमका कोणता कोपरा धरतो, प्रत्येक माणसात तोच धरतो की वेगळा, हे त्या शोधत होत्या. ते कळलं तर फक्त आम्हालाच अडवणारं औषध करता येईल, बाकीच्या कामाच्या अँटिबॉडींना हात न लावता. माझं चित्र कुणी इतक्या प्रेमाने काढलेलं मी प्रथमच बघत होते.

मग डॉक्टरांनी ऑपरेशनचं सुचवलं. थायमस काढून टाकायचं. गुण यायला महिने लागतील, वर्षही लागेल, आणि येईलच अशी खात्री नाही. पण लवकर केलेलं बरं, नाहीतर उद्या श्वासाचे स्नायूही दमू शकतात. तारीख मिळाली ती नेमकी पेणच्या स्पर्धेच्या आठवड्यातली. काढलेलं थायमस अभ्यासाला द्याल का, असं त्या मॅडमनी विचारलं, आणि नाही म्हणालात तरी उपचार तेच होतील, हेही सांगितलं.

घरी सगळ्यांनाच ऑपरेशन लांबवायचं होतं. वडील जितेश कंपनीत शिफ्टला जातात, त्यांचं म्हणणं, गोळीनं भागतंय ना, मग पोरीची छाती कशाला फाडायची, आणि आमची पोर काय प्रयोगाचा उंदीर हाय? आईला वणाची भीती. उद्या पोरीला बघायला माणसं आली तर काय सांगायचं? नमितानेही निरोप धाडला, सामन्याआधी तासभर गोळी घे, एक चढाई तरी होईल. आणि मृणालीला तेच तर हवं होतं. गोळी खाल्ली की "कबड्डी" कशी स्वच्छ निघायची. मलासुद्धा हायसं वाटलं, लपवू कशाला? थायमसची शाळा राहिली तर माझ्यामागून माझ्या बहिणी येत राहणार होत्या.

रविवारी ती पेणकडे आजोळी गेली. महिपती आजोबा मिठागरावर उघाडीचा गाळ काढत होते. तिने गोळीचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं, स्पर्धेचं सांगितलं. आजोबांनी हातातला गाळ बांधावर टाकला.

"गोळी म्हंजे हा रोजचा गाळ काढनं हाय गो," ते म्हणाले. "काढायलाच लागतो, त्याबिगर पानी येत नाय. पन बांध कुठं फुटलाय, गाळ कुठून येतो, ते कधीतरी जाऊन बघायला लागतं. ओहोटीलाच बघायला लागतं. भरतीत नाय जमत."

मृणालीही गाळ उपसू लागली. तिचं रक्त जरा जोरात धावत होतं, एवढं मला कळलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही, म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते. मी दिसत नाही. माझ्यासारख्या कितीतरी गोष्टी माणसाच्या आत बसलेल्या असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. कुणी म्हणालं की माझे हात दमतात, माझे डोळे मिटतात, तर लगेच त्याला आळशी म्हणू नका, नाटकी म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण माझा अभ्यास करा. चुकलेलीला समजून घेतल्याशिवाय तिची चूक थांबवता येत नाही.

त्या संध्याकाळी मृणाली अष्टमीला परतली. वडील शिफ्टला निघायच्या तयारीत होते, पायात एक बूट घातलेला, दुसरा हातात. आई डबा भरत होती. गोळीची वेळ टळून गेली होती. मी आणि माझ्या बहिणी तिच्या जिभेत ठाण मांडून होतो, आणि तरीही ती दारात उभी राहून एकेक शब्द सावकाश उचलत बोलली.

"बाबा, सुट्टी टाका. पेणला मी खेळनार नाय, नमिताला सांगून आले. दिलेल्या तारखेलाच ऑपरेशन करायचं. आई, वण दिसला तर दिसू दे, कुनी विचारलं तर मी सांगेन. आणि ते थायमस फेकायचं नाय, त्या मॅडमना द्यायचं. कागदावर सही तुमची लागंल. पन होकार माझा हाय."