टोचणी

"दाजी, वरचा आवाज टोचतोय," मेहुणा म्हणाला.

तो गाडीच्या उघड्या दाराशी उकिडवा बसला होता. गुडघ्यांवर दाराचं आतलं कव्हर, हातात स्क्रू ड्रायव्हर. आत ड्रायव्हरच्या जागेवर मास्तर होते आणि शेजारी गाडीची मालकीण. गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. तिच्यात शिरताना गुडघे आधी आत घालावेत की डोकं, असा प्रश्न पडायचा. मालकीण दातांची डॉक्टर होती. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून काढल्यावर पन्नाशीत तिने ही एक हौस केली होती. गाडीत साउंड सिस्टिम बसवायची म्हणून तिने चार ठिकाणी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, स्पीकर कुठूनही घ्या, पण आवाज लावायला मास्तरच हवेत. त्यांचा कान म्हणजे सोनाराचा काटा.

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उलट बटण आणखी किंचित वर फिरवलं. आता कुठे त्यांना व्हायोलिनवर चकाकी आल्यासारखी वाटत होती.

"खरंच दाजी. थोडं खाली घ्या. मॅडमना रोज ऐकायचंय."

मॅडमनी आधी मेहुण्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. नक्की कोणाचं खरं मानायचं, असं ते बघणं होतं आणि तेच मास्तरांना झोंबलं.

"तुझे कान जड झालेत," ते म्हणाले. "बहिणीच्या घरचं आयतं खाऊन खाऊन."

त्यांनी आवाजही चढवला नव्हता. त्यामुळे शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू गेला. डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मेहुण्याने कव्हर दाराला लावलं, एकेक स्क्रू पिळला, कडेने अंगठा फिरवून कुठे फट राहिली नाही ना ते पाहिलं. बोटांचे डाग फडक्याने पुसले. फडकं झटकलं, घडी करून बाकावर ठेवलं आणि तो मास्तरांच्या दुकानातून बाहेर पडला. मास्तरांना वाटलं, चहा प्यायला गेला असेल.

तो परत आला नाही.

आयतं खाण्याचं म्हणाल, तर या लाल गाडीतलं निम्म्याहून जास्त काम त्याच्याच हातचं होतं. तिची दारं पत्र्याची, पातळ. आत मोठा स्पीकर वाजला की डबा वाजल्यासारखी थरथरायची. त्याने दोन्ही दारं आतून उघडून जाड पट्ट्या चिकटवल्या, रुळाने दाबून दाबून बसवल्या. मूळ गाडीला एकही भोक पाडायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची अट होती, म्हणून त्याने लाकडाच्या कड्या कापून, घासून, गाडीच्याच जुन्या भोकांवर बेतल्या. सीटखाली अँप्लिफायर बसेना, तेव्हा तो जमिनीवर उताणा पडून इंचाइंचाने जागा शोधत राहिला. मास्तर शेवटी येऊन बसले, आणि त्यांनी आवाज लावला.

आणि त्याला घरी आणलं होतं तेही मास्तरांनीच. सासूबाई गेल्या तेव्हा तो शाळेत होता. रडणाऱ्या बायकोला मास्तर म्हणाले होते, अगं, आपल्याकडे येऊ दे त्याला, एक ताट जास्त ते काय. तेव्हापासून तो सकाळी दुकान उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा आणि हातात काही पडलं की ते बहिणीच्या हातात ठेवायचा.

त्या रात्री बायकोने सवयीने तिसरं ताट मांडलं. मास्तरांनी सांगून टाकलं की त्याला मोठ्या दुकानात नोकरी लागली, घाईघाईत जावं लागलं. न सांगता कसा गेला, असं ती विचारत राहिली. थोड्या दिवसांनी त्याचा तिला फोन आला. त्याला खरोखरच टीव्ही-फ्रिजच्या एका मोठ्या दुकानात नोकरी मिळाली होती, आणि तिथल्याच एका सोबत्याच्या खोलीवर तो राहत होता. त्यानेही बहिणीला तेवढंच सांगितलं होतं. आपलं खोटं खरं ठरलं म्हणून मास्तरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या दिवशी जेवताना त्यांची नजर सारखी तिसऱ्या ताटाच्या जागेकडे जात राहिली.

मग एका दुपारी लाल गाडी पुन्हा दुकानासमोर उभी राहिली.

"तुम्हाला वाईट वाटेल, पण बोलते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी गाडीत गाणं कशासाठी घातलं? दिवसभर कानाशी ड्रिल फिरतं ते विसरायला. आणि आता गाडीत बसले की गाण्याच्या मागेच ड्रिल चालू आहे असं वाटतं. हल्ली मी बंद करूनच चालवते."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि रिक्षाने गेल्या.

मास्तर गाडीत जाऊन बसले. गाणी लावून पाहिली. आवाज गोड होता, भरलेला होता, कुठे काही खुपत नव्हतं. त्यांनी वायरी पाहिल्या, जोड पाहिले. शेवटी माळ्यावरून एक खोकं काढलं. कोणता आवाज किती मोठा येतोय ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र त्यात होतं. कधीतरी घेतलेलं, पण मास्तरांनी ते कधी वापरलं नव्हतं. ज्यांना कान नाहीत त्यांची ती काठी, असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे.

त्यांनी एक साधा सूर लावला, खर्जातून निघून हळूहळू वर वर चढत जाणारा. सुरुवातीला कान आणि रेघ बरोबर चालले. मग सूर बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. रेघ थांबली नव्हती. ती वर चढत होती, डोंगरासारखी. यंत्र बिघडलं असेल असं मनात येतंय तोच दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याने दचकून मान वर केली, कान पाडले आणि उठून ते रस्त्यापलीकडे निघून गेलं.

मास्तरांनी यंत्र बंद केलं. कान जाणं वयाचं असतं. त्याचं दुःख करता येतं, चारचौघांत सांगता येतं. मेहुण्याला बोललेलं ते वाक्य मात्र वयाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते त्या मोठ्या दुकानात गेले. भिंतभर टीव्ही लागलेले, सगळ्यांवर एकच चित्र, आवाज कशालाच नाही. मेहुणा एका म्हाताऱ्या जोडप्याला रिमोट कसा दाबायचा ते समजावत होता. अंगात दुकानाचा निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. त्याचं काम संपेपर्यंत मास्तर एका फ्रिजचं दार उघडत आणि लावत उभे राहिले.

"फ्रिज घ्यायचाय का दाजी?" तो जवळ येऊन म्हणाला. "दार चांगलं लागतं त्याचं."

मागच्या बाजूला रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, तिथे पायरीवर दोघं बसले. मास्तरांनी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"मला वरचं ऐकू येत नाही रे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"झाला असेल बराच काळ. तुम्ही आवाज लावून हात धुवायला जायचात ना, तेव्हा मी थोडं खाली घ्यायचो. या वेळी मॅडम गाडीतून उतरल्याच नाहीत. म्हणून बोलावं लागलं."

इतक्या लोकांनी गाडीतून उतरून मास्तरांचे हात हातात घेतले होते, मास्तर, काय कान आहे तुमचा, म्हणून. ते मान डोलावत उभे असायचे आणि हा मागे काच पुसत असायचा.

"मला सांगायचंस."

"ताईला विचारलं होतं. ती म्हणाली, त्या एका गोष्टीचाच तर त्यांना अभिमान आहे, असू दे. तू आहेस ना."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. कपडे धुण्याचं यंत्र बारीक शिट्टी देऊन केव्हा थांबलं ते तिला स्वयंपाकघरातूनही कळायचं आणि शेजारी बसलेल्या मास्तरांना कळायचं नाही. तरी ती काही न बोलता उठून कपडे काढायची. मास्तरांना हे आत्ता, त्या खोक्यांसमोर बसून कळत होतं.

"त्या दिवशी मी जे बोललो..." ते म्हणाले.

"ते ताईला सांगू नका." तो पहिल्यांदाच घाईने बोलला. "मी नाही सांगितलेलं. मला वाढताना तिने कधी हात आखडता घेतला नाही. तिला वाटेल, तुमच्या मनात हे आधीपासून होतं."

"नव्हतं रे."

"मग झालं तर," तो म्हणाला. पण हे त्याने खोक्यांकडे बघत म्हटलं.

मास्तरांना स्वतःलाही खात्री देता येईना. इतकं तयार वाक्य तोंडात आयत्या वेळी कुठून येतं? कुठेतरी ते घडी घालून ठेवलेलं असणारच. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचं, ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं त्यांनी येताना ठरवलं होतं. आता ती वाटही उरली नव्हती. ते वाक्य आता त्यांचं एकट्याचंच होतं.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सांगितलं की माझा कान चुकला, त्या दिवशी ज्याने सांगितलं होतं त्याचंच बरोबर होतं, त्यालाच बोलावतोय. मग त्या म्हणाल्या, "मलाही टोचत होतं हो. पण तुमच्यासमोर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मेहुणा सुट्टीच्या दिवशी सकाळीच आला. घरी आधी बहिणीला भेटून आला असावा, कारण त्याच्या हातात मास्तरांचा डबा होता. मास्तरांनी त्याच्यासाठी ड्रायव्हरची जागा मोकळी ठेवली आणि स्वतः शेजारी बसले. त्या जागेवरून दुकान वेगळंच दिसत होतं.

तो सवयीप्रमाणे हळूहळू काम करत राहिला. एक स्पीकर बंद करून दुसरा, मग दोन्ही. मास्तर मध्ये मध्ये खालच्या आवाजाबद्दल सांगत होते, ढोलाचा ठोका थोडा मागून येतोय, डावं दार किंचित जड आहे, आणि तो मान हलवून तसं करत होता. खालचं अजून त्यांना नीट कळत होतं. वरचं आलं की ते गप्प बसत.

"परत येशील?" एकदा त्यांनी विचारलं.

"नाही दाजी," तो यंत्राच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "तिथे बरं चाललंय माझं. आवाज लावायचा असला की बोलवा. सुट्टीला येत जाईन."

त्यांनी मान हलवली. अडवण्याचा हक्क आपण कुठे सांडला ते त्यांना ठाऊक होतं.

दुपार कलली तेव्हा तो म्हणाला, आता एक अख्खं गाणं ऐकू. डॉक्टरीणबाईंनी आपलं आवडतं गाणं पाठवून ठेवलं होतं, तेच त्याने लावलं. दोघांनी दारं ओढून घेतली. बाहेरचा रस्ता एकदम गप्प झाला. कोणी बाई गात होती, अगदी समोर काचेपाशी बसल्यासारखी. मास्तरांना ती थोडी पडद्याआडून आल्यासारखी वाटली. त्यांचा हात बटणाकडे गेला नाही.

शेवटी तिचा आवाज विरला, वाद्यं थांबली. गाणं संपलं. मास्तरांनी दार उघडायला हात पुढे केला.

"थांबा," मेहुणा हळूच म्हणाला. "वरचं अजून आहे."

मास्तरांनी हात मागे घेतला. तो डोळे मिटून बसला होता, मान किंचित कलती. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत होता. मास्तर त्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिले.