काढून टाकलेल्या दोन ओळी

रक्त तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात भाऊजींना सगळे 'भिंग' म्हणत. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ते कुठलाही सुटा भाग आत घेत नसत. आपल्या मेहुणीला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. सहा महिन्यांत तिचं काम बघून लोक म्हणू लागले, की भिंगाने या वेळी हिरा शोधून आणलाय.

तिचं काम यंत्राच्या अगदी मुळाशी, बाकी सगळं ज्यावर चालतं त्या मूळ प्रोग्राममध्ये, कर्नेलमध्ये. बटण दाबल्यावर प्रोसेसर जागा होतो, तेव्हा त्याला मेमरीचे फक्त खरे पत्ते ठाऊक असतात. पुढचा कारभार मात्र आभासी पत्त्यांवर चालतो. कुठला आभासी पत्ता म्हणजे कुठली खरी जागा, याचा तक्ता कर्नेल आधी तयार करतं आणि मग एका सूचनेने तो लागू करतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे उरकतं. तो भाग लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेला होता. सांभाळणारी ती एकटी.

ती लागल्याला चार वर्षं झाली, त्या वर्षी प्रोसेसरच्या चिपचा जुना नमुना बाजारातून बंद झाला. भाऊजींनी त्याचाच सुधारलेला नमुना मागवला. चाळीस यंत्रं जोडून झाली आणि त्यातली अकरा धड सुरूच होईनात. कधी उठायची, कधी नुसता काळा पडदा.

विभागप्रमुखांना पाठीमागे सगळे 'तातडी' म्हणत. त्यांनी त्याच दिवशी बैठक घेतली.

"प्रोग्राम तोच आहे. बदलली ती चिप. दोष कुठे आहे, हे सांगायला ज्योतिषी नको."

"चिप मी तपासून घेतली होती," भाऊजी म्हणाले.

"सगळ्या?"

"नमुन्यादाखल पाच."

खापर फोडायला डोकं सापडलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या हातात कागद पडला: निष्काळजीपणा, सबब भांडारात बदली. मेहुणी बैठकीत होती. तिलाही तेच पटलं होतं, म्हणून ती काही बोलली नाही.

रविवारी ती ताईकडे गेली, तेव्हा भाऊजी आतल्या खोलीत होते.

"तू तिथेच होतीस ना?" ताईने विचारलं. "मग एक शब्द नाही निघाला तोंडातून?"

"ताई, चिपच बदलली होती. मी काय बोलणार?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कागद हातात पडल्यापासून हा माणूस जेवताना बोललेला नाही, एवढं कळतं."

पुढच्या आठवड्यात तातडींनी अडलेली यंत्रं तिच्या गळ्यात टाकली. नव्या चिपशी जुळवून घेता येतं का बघा, म्हणाले. इतक्या सुरुवातीला पडदा चालू झालेला नसतो. कुठे अडलं ते लिहून दाखवायची सोय नाही. बोर्डावर एक हिरवा दिवा होता. तो लावायची सूचना तिने प्रोग्राममध्ये घातली आणि ती एकेक पाऊल पुढे सरकवत गेली. तक्ता तयार झाला, दिवा लागला. तक्ता लागू करायच्या आधीच्या ओळीवर लागला. तो लागू केल्यानंतरच्या ओळीवर नाही.

मग तिच्या लक्षात आलं. तक्ता लागू होतो त्या क्षणी प्रोसेसर अजून जुन्याच पत्त्यावर उभा असतो आणि पुढची सूचना तिथूनच उचलतो. म्हणून तेवढ्यापुरती जुन्या पत्त्याचीही नोंद तक्त्यात लागते. ती नव्हती. जुनी चिप पुढच्या चार सूचना आधीच आणून ठेवायची आणि त्यांतच नव्या पत्त्यावर उडी मारायची सूचना असायची, म्हणून इतके दिवस निभावलं. नवी चिप दर वेळी तेवढं पुढचं आणत नव्हती.

ती नोंद कोणी काढून टाकली, हे तिने प्रोग्राममधल्या जुन्या बदलांच्या नोंदींत शोधलं. तीन वर्षांपूर्वी काढलेल्या दोन ओळी, शेजारी शेरा 'दुबार नोंद काढली' आणि खाली तिचंच नाव.

तिने ओळी परत घातल्या आणि अकराही यंत्रं पन्नास-पन्नास वेळा चालू-बंद केली. एकही अडलं नाही. बदलाच्या नोंदीत तिने लिहिलं, 'नव्या चिपसाठी सुधारणा'. खोटं कोणी म्हणालं नसतं. तिने ते पुसलं आणि तातडींकडे गेली.

"चूक चिपची नव्हती, माझी होती. तीन वर्षांपूर्वीची."

"यंत्रं चालली ना? मग उकरून कशाला काढता?"

"भाऊजी भांडारात आहेत."

तातडींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "त्यांचा कागद मागे घ्यायचा तर मला लेखी लागेल."

तिने लिहिलं आणि आधी भांडारात नेलं. भाऊजी रबरी नळ्या मापांप्रमाणे लावत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मग इतकी वर्षं चाललं कसं?"

तिने सांगितलं.

"म्हणजे नशिबाने."

"हो."

"तिसरं वाक्य खोड. 'यात त्यांचा काहीही दोष नाही' हे."

"पण नाहीच आहे, भाऊजी."

"चिपबरोबर बदलांचं पत्रक आलं होतं. पुढच्या सूचना आणायची पद्धत बदलली आहे, असं त्यात छापलं होतं. मी ते फाइलला लावून टाकलं. तुला दाखवायला हवं होतं. ते लिही."

"लिहिलं तर तुम्हाला परत घेणार नाहीत."

"न घेवोत. अर्ध्या खऱ्या कागदावर मला परत जायचं नाही."

तिने पुन्हा लिहिलं. तीन आठवड्यांनी भाऊजी आपल्या टेबलावर परतले. 'निष्काळजीपणा' गेला, 'समज देण्यात येत आहे' राहिलं. तिची बढती एक वर्ष पुढे ढकलली गेली. चिपबरोबर येणारं प्रत्येक पत्रक दोन्ही टेबलांवर फिरायला लागलं.

ताई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. "रविवारी जेवायला ये. पण तुम्ही दोघांनी कारखान्याचं नाव काढायचं नाही."

दोघांनीही काढलं नाही. दुसरं काही बोलायला सुचेना, तेव्हा भाऊजींनी बटाट्यांची टोपली तिच्यापुढे सरकवली आणि स्वतःही सोलायला बसले.