पडद्याबाहेरचं मत

"तुम्ही लोक नावं लिहून घेता. तेव्हाही घेत होतात, आताही घेता. तेव्हा चोरून घ्यायचात, आता हसून घेता. फरक असेल तर एवढाच."

सिगमार वुट्के हे बोलला तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत सहा-सात मतदार होते. त्याच्यापुढे लांब टेबल होतं, टेबलावर मतपेटी आणि पेटीला खेटून त्याची मतपत्रिका उघडी पसरलेली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उभ्याउभ्याच, त्याने खिशातल्या बॉलपेनने तिच्यावर दोन मतांच्या दोन फुल्या मारल्या होत्या. मतदानाच्या आडोशात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल त्याला नको होती. पेन्सिल खोडता येते.

केंद्रप्रमुख आलर्सबाई पेटीच्या फटीवर तळहात ठेवून उभ्या होत्या. बाई मूळच्या पश्चिम जर्मनीतल्या. आठ वर्षांपासून याच शाळेत गणित शिकवायच्या, तरी गावाच्या लेखी कालच आलेल्या.

"मिस्टर वुट्के, ही पत्रिका मला पेटीत टाकू देता येत नाही. मत गुप्त द्यायचं असतं. ही फाडा, मी दुसरी देते. आडोशाला जा, घडी घालून आणा. सहा वाजेपर्यंत वेळ आहे."

"आणि मी आडोशाला नाही गेलो तर?"

"तर मत घेता येणार नाही. कायदा आहे."

सिगमार हसला. ते हसू काही बरं नव्हतं. "तेव्हा पडद्याआड गेलो म्हणून गुन्हेगार. आज पडद्याबाहेर थांबलो म्हणून गुन्हेगार. बाई, मी उभं कुठं राहायचं ते एकदा ठरवून सांगा!"

आलर्सबाईंना यातलं काही कळलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला यादीवर बसलेल्या गिझेला नोआकला मात्र सगळं कळलं. मतदाराच्या नावाखाली पट्टी धरायची आणि पुढे खूण करायची, हे तिचं काम. तिने पट्टी हलवली नाही आणि मान वर केली नाही.

पूर्व जर्मनीच्या जुन्या राज्यात आमच्याकडे मतदानाला 'घडी घालायला जाणं' म्हणत. कागदावर नावं आधीच ठरलेली. कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा, बाहेर येऊन सॉसेज खायचं. पडदा होता, लांब कोपऱ्यात, म्हणायला. तिथवर चालत जाणारा माणूस सगळ्यांना दिसायचा, आणि तो दिसावा म्हणूनच पडदा तिथे टांगलेला होता.

शहाऐंशी सालच्या जूनमध्ये सिगमार तिथवर चालत गेला. तो काही क्रांतिकारक नव्हता. कोळशाच्या खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्यांचे सांधे जोडायचा. तीन वर्षं अर्ज करूनही त्यांच्या इमारतीचं छत कुणी दुरुस्त करत नव्हतं, म्हणून पडद्याआड जाऊन त्याने मतपत्रिकेवर लिहिलं, 'छत गळतंय.' नाव लिहिलं नाही.

पंधरा दिवसांत छत दुरुस्त झालं. आधी तो खूश झाला. मग रात्रभर जागा राहिला. बिननावाच्या कागदावरून यांना माझं छत कसं सापडलं?

उत्तर सप्टेंबरात मिळालं. त्याची मुलगी इनेस वर्गात दुसरी होती, तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. वरच्या शाळेत तिला जागा नाकारली. कारण लेखी दिलं नाही, पण पडद्याआड गेलेल्यांची नावं कुणीतरी टिपली होती, हे त्याला कळलं. सूतगिरणीत शिकाऊ म्हणून लावली. चार वर्षांत राज्य गेलं, पाचव्या वर्षी गिरणी गेली आणि इनेस बव्हेरियात गेली. तिथे म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. महिन्यातून दोनदा फोन करते, हवामान विचारते.

सिगमारची खाणही बंद पडली. एक्केचाळिसाव्या वर्षी बेकार. नव्या राज्याने त्याला नोकरीचा अर्ज कसा लिहावा याचा अभ्यासक्रम तीनदा करायला लावला. नोकरी एकदाही दिली नाही. आता तो कुणावरच विश्वास ठेवत नाही. पेपरवर नाही, लस टोचणाऱ्यांवर नाही, टीव्हीवरच्या हवामानावरसुद्धा नाही. आज त्याने फुल्या मारल्या तो पक्ष सगळ्यांना शिव्या देतो. त्या पक्षाचं त्याला फारसं काही पटत नाही. वरच्यांना तो पक्ष खुपतो, तेवढं पटतं.

"सिगमार, जा ना आत," गिझेला शेवटी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. कुणी बघत नाही."

"तू बोलूच नकोस. त्या वर्षी यादीवर तूच होतीस."

"पोस्टातल्या आम्हा सगळ्यांना यादीवर बसवायचे. मला कुणी विचारलं होतं?"

"मग पडद्याआड गेलो म्हणून टिंब कुणी दिलं? माझ्या नावापुढे?"

"अरे, एका जिन्यात राहतो आपण चाळीस वर्षं. दर नाताळात माझ्याकडे केक घेऊन येतोस. आणि मनात हे ठेवून?"

"पक्कं ठाऊक नव्हतं, म्हणून केक. ठाऊक असतं तर आलो असतो का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. आलर्सबाई म्हणाल्या, "कृपा करून हे बाहेर—"

"नऊ जण गेले होते आत," गिझेला म्हणाली. आवाज पोस्टाच्या खिडकीतला, सपाट. "तू सातवा. तुझ्यानंतर दातांचा डॉक्टर आणि शेवटी पाद्र्याची बायको."

हा आकडा फक्त मोजणाऱ्यालाच माहीत असणार, हे आलर्सबाईंनाही कळलं.

सिगमारने टेबलाची कड धरली. एकोणचाळीस वर्षं त्याला वाटत होतं, हे ऐकल्यावर आपण ओरडू. ओरडणं आलंच नाही.

"यादी दिलीस कुणाला?"

"कुबिट्झला. तुमच्या खाणीतला, पार्टीचा."

"तो तर मेला."

"चौऱ्याण्णवला. शवपेटीला तू खांदा दिलास."

"माणसं कमी पडत होती म्हणून!" आता मात्र तो ओरडला. "आणि तू मला देऊ दिलास? तू बाजूला उभी होतीस, हातात फुलं घेऊन. तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं?"

गिझेलाने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. "तेव्हा सांगितलं असतं, तर नाताळात माझ्याकडे कोण आलं असतं?" ती म्हणाली.

आलर्सबाईंनी नवी मतपत्रिका पुढे केली. "मिस्टर वुट्के, जे झालं ते वाईट झालं. पण ते राज्य वेगळं होतं. आम्ही ते नाही. तुमचं मत वाया जाऊ देऊ नका. मी विनंती करते."

त्या मनापासून बोलत होत्या. हे त्यालाही दिसलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याशी कसं वागायचं ते त्याला येत होतं.

"सगळेच म्हणतात, आम्ही नाही," तो म्हणाला. "ते मेले, तुम्ही नव्हता, हिला बसवलं होतं. मग माझ्या पोरीला गिरणीत घातलं कुणी, वाऱ्याने?"

"मला त्याचं उत्तर देता येणार नाही."

"मग मलाही आत जाता येणार नाही."

त्याने आपली मतपत्रिका उचलली आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला. दोनदा आलर्सबाई जवळ आल्या, दोनदा त्याने मान हलवली. सहा वाजले. दार बंद झालं, आणि मोजणी कुणालाही बघता येते म्हणून पुन्हा उघडलं. बघायला कुणी आलं नाही. तो होताच. टेबलावर पेटी उपडी झाली आणि कागदांचा ढीग पडला. गिझेला घड्या उलगडू लागली.

नियमाप्रमाणे नोंदवहीत लिहावं लागतं, ते आलर्सबाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. एका मतदाराने गुप्तपणे मत देण्यास नकार दिला. मत स्वीकारले नाही.

"वेळ टाका," तो म्हणाला.

त्यांनी टाकली.

"आता खाली लिहा. मतदाराने विचारलं, एकोणीसशे शहाऐंशी साली इनेस वुट्केची जागा कोणी काढून घेतली."

"ही निवडणुकीची नोंदवही आहे, मिस्टर वुट्के."

"तीही निवडणूकच होती."

आलर्सबाईंनी पेन उचललं. गिझेलाचे हात घड्यांवर थांबले. सिगमार बाकावरून उठला, टेबलाशी आला, टोपी काढून काखेत धरली आणि सरळ उभा राहिला.

"लिहा. आणि त्याच्याखाली उत्तर लिहा. कोण देणार उत्तर? तुम्ही देता, की ही देते?"